रोल ‘धुतात’ म्हणजे नेमकं काय करतात?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझी भाची एक काळ्या-पांढऱ्या फिल्मचा रोल मुठीत घेऊन घरी आली. कॉलेजच्या कामासाठी तिनं नागपुरातल्या इतवारीच्या सराफ्यात फिरून ३६ फोटो काढले होते. शहरात दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडून एकच उत्तर मिळालं: बाहेरगावी पाठवावा लागेल, वेळ लागेल. म्हणून ती माझ्याकडे आली. “मामा, तुम्ही पहिले घरीच रोल धुवायचे ना?”

फिल्म परत चर्चेत आली आहे. २०२४ साली पेंटॅक्सनं अगदी नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. कपाटातले आजोबांचे कॅमेरे तरुण मुलं दुरुस्त करून वापरू लागली आहेत. दुसरीकडे चांदीनं किलोमागे लाखाचा टप्पा ओलांडला आणि फिल्मवाल्यांच्या काळजात धस्स झालं. का, ते भाचीला ठाऊक नव्हतं. रोलमध्ये खरोखरची चांदी असते, हे मी सांगितल्यावर तिनं रोल नाकाजवळ धरून नीट न्याहाळला.

आपण मराठीत ‘रोल धुवायला टाकला’, ‘फोटो धुवून आणले’ असं म्हणतो. शब्द छान आहे, पण त्यानं गैरसमज होतो. मळ काढला की खाली चित्र तयारच आहे, असं त्यातून वाटतं. प्रत्यक्षात धुणं सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी चित्र वाढवावं लागतं, दही लावतात तसं. ही दह्याची उपमा धरून ठेवा, पुढे ती फार उपयोगी पडणार आहे.

## रोलवर असतं तरी काय?

पारदर्शक प्लास्टिकची लांब पट्टी आणि तिच्यावर केसापेक्षाही पातळ असा जिलेटिनचा थर. जिलेटिन म्हणजे जेलीत असतं तेच, जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढलेलं. या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे असंख्य बारीक स्फटिक विखुरलेले असतात. सिल्व्हर ब्रोमाइड म्हणजे चांदी आणि ब्रोमीन यांचं संयुग, आणि थोडं आयोडाइडही त्यात असतं. या थराला इमल्शन म्हणतात.

स्फटिक मोठे असले तर प्रकाश लवकर टिपतात. अंगणात पावसात परात आणि वाटी शेजारी ठेवली तर थेंब परातीत जास्त पडणार, तसंच हे. म्हणून ४०० आयएसओचा रोल (आयएसओ म्हणजे रोल किती लवकर प्रकाश टिपतो त्याचा आकडा) संध्याकाळीही चालतो, पण त्याचे मोठे कण फोटोत रवाळ दिसतात. १०० चा रोल मऊसूत येतो, मात्र त्याला भरपूर ऊन लागतं. नागपुरात एप्रिल-मे महिन्यात उन्हाची काही चणचण नसते.

## बटण दाबल्यावर काय होतं?

डोळ्यांना दिसेल असं काहीच होत नाही.

ज्या स्फटिकावर प्रकाश पडला, त्याच्यावर चांदीचे मोजके अणू मोकळे होतात. चारेक अणू एकत्र आले तरी पुरतात. एका स्फटिकात अब्जावधी अणू असतात, त्यांतले चार. सूक्ष्मदर्शकातूनही हा फरक दिसत नाही. याला सुप्त प्रतिमा म्हणतात. चित्र आहे, पण झोपलेलं आहे.

हेच विरजण. दुधात चमचाभर विरजण घातल्यावर लगेच पाहिलं तर दूध दूधच दिसतं, पण ते आता साधं दूध राहिलेलं नसतं. उपमा इथे थोडी ताणली जाते, कारण विरजणातले जंतू स्वतः वाढतात आणि चांदीचे अणू आपोआप वाढत नाहीत. त्यांना वाढवणारं रसायन बाहेरून द्यावं लागतं. त्याचं नाव डेव्हलपर.

इंग्लंडमधल्या टॅलबट यांना ही गोष्ट १८४० साली सापडली. तोवर कागदावर चित्र डोळ्यांदेखत काळं होईपर्यंत कॅमेरा तासन् तास उघडा ठेवावा लागे. थोडाच वेळ प्रकाश दाखवून पुढचं काम रसायनाकडून करून घेता येतं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि कागदावर माणसांचे फोटो काढणं शक्य झालं. तासभर निश्चल कोण बसणार?

## डेव्हलपर नेमकं काय करतो?

ज्या स्फटिकावर ते चार अणू आहेत, त्या अख्ख्या स्फटिकाची तो चांदी करून टाकतो. ज्याच्यावर नाहीत, त्याला हात लावत नाही, निदान ठरलेल्या वेळेत तरी नाही. चार अणूंची खूण अब्जपट मोठी होते. ही चांदी दागिन्यासारखी चकाकत नाही. ती इतक्या बारीक, गुंतलेल्या तंतूंची असते की प्रकाश तिच्यात अडकून राहतो आणि ती काळी दिसते. म्हणून जिथे ऊन पडलं ती जागा काळी आणि सावलीची जागा पारदर्शक. हीच निगेटिव्ह.

जगभर वापरला जाणारा डी-७६ हा डेव्हलपर कोडॅकनं १९२७ साली आणला. त्याची कृती उघड आहे: एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. काम मेटॉल आणि हायड्रोक्विनोन करतात. हवेनं ते खराब होऊ नयेत म्हणून सल्फाइट, आणि दोघांना हुरूप यावा म्हणून बोरॅक्सचा सौम्य अल्कलीपणा. जवळजवळ शंभर वर्षं झाली, ही कृती अजून चालते.

## मग २० अंशांचाच आग्रह का?

प्रत्येक डब्यावर, प्रत्येक तक्त्यात लिहिलेलं असतं: तापमान २० अंश सेल्सिअस. भाचीनं आमच्या गच्चीवरच्या टाकीच्या नळाखाली थर्मामीटर धरला तर ३८ दाखवत होता. आणि तेव्हा संध्याकाळ झाली होती. दुपारी त्या पाण्याखाली हात धरवत नाही.

आता दह्याकडे या. डिसेंबरात नागपुरात दही लागायला रात्र पुरत नाही, भांडं गोधडीत गुंडाळावं लागतं. मे महिन्यात तेच विरजण चार तासांत दही लावतं आणि दुपारपर्यंत आंबट करून ठेवतं. विरजण तेच, दूध तेच, बदललं फक्त तापमान. डेव्हलपरचंही असंच आहे. एक अंश वाढला की साधारण दहा टक्के वेळ कमी करायचा. इलफर्ड कंपनीच्या एचपी-५ या रोलला निम्मं पाणी घातलेल्या डी-७६ मध्ये २० अंशांना ११ मिनिटं लागतात. २४ अंशांना साधारण साडेसात मिनिटं. ३० अंशांना हिशेब पाच मिनिटांच्याही खाली जातो.

मग वेळ कमी करून ३० ला धुवावं की! इथेच अडतं. डेव्हलपर टाकीत (गच्चीवरच्या नव्हे, रोल ज्यात ठेवून धुतात त्या झाकणाच्या छोट्या डब्यात) ओतायला आणि काढायला वीस-तीस सेकंद जातात. अकरा मिनिटांत ते खपून जातं, चार मिनिटांत नाही. फिल्मच्या एका कडेला जास्त, दुसऱ्या कडेला कमी असे पट्टे उमटतात. शिवाय गरम पाण्यात जिलेटिन फुगतं, मऊ पडतं आणि नखाच्या ओझरत्या स्पर्शानंही ओरखडतं.

पण २० हा निसर्गाचा नियम नाही. ज्या देशांत या कृती तयार झाल्या, तिथल्या खोलीचं ते तापमान. तिथे रसायन टेबलावर ठेवलं की आपोआप २० च्या आसपास राहतं. आकडा पाठ करण्यापेक्षा त्यामागचं कारण कळलं तर आपल्याला आपला आकडा ठरवता येतो. रोल धुण्याविषयी मला काही एक सांगायचं असेल तर ते हेच. आणि नागपूरकरानं तर हे समजून घ्यायलाच हवं.

## नागपूरच्या मे महिन्यात काय करावं?

आधी काय करू नये ते सांगतो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी बर्फ घालून डेव्हलपर २० वर आणला. पुढची रसायनं तशीच खोलीत ठेवलेली, तिशीच्या वर. आणि शेवटी धुवायला पुन्हा बर्फाचं पाणी. गार, गरम, परत गार. जिलेटिन फुगलं आणि एकदम आकसलं. तळं आटल्यावर गाळ भेगाळतो तशी बारीक जाळी संपूर्ण रोलवर पडली. बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो होते ते. हल्लीच्या फिल्मचं जिलेटिन जास्त घट्ट केलेलं असतं, ती इतक्या सहज दगा देत नाही. पण त्या रोलनंतर मी एक गोष्ट कधी विसरलो नाही: २० साधणं तितकं महत्त्वाचं नाही, सगळी पाणी एकाच तापमानाची असणं महत्त्वाचं.

त्यासाठी विदर्भात उत्तम यंत्र घरोघरी आहे. माठ. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून माठाच्या अंगातून पाणी भराभर उडतं आणि आतलं पाणी गार होतं. दुपारी बाहेर ४४ होणाऱ्या दिवसांतही माझ्या स्वयंपाकघरातला माठ पहाटे २४ दाखवतो, आणि तासाभरात फारसा हलत नाही. मग २० चा हट्ट सोडायचा. डेव्हलपर, फिक्सर (हे नंतरचं रसायन, त्याची गोष्ट पुढे येते), धुण्याचं पाणी, सगळं माठाच्या पाण्यात करायचं आणि सगळ्या बाटल्या माठाच्या पाण्यानं भरलेल्या घमेल्यात अर्धा तास उभ्या करायच्या. २४ अंश, साडेसात मिनिटं. बर्फ वापरायचाच असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घमेल्यात सोडावा, रसायनात नाही. वितळून त्याचं पाणी झालं की डेव्हलपर पातळ होतो.

रोल टाकीत भरणं मात्र रात्रीच उरकावं. हे काम पूर्ण अंधारात करायचं असतं. आम्ही न्हाणीघराच्या दाराखालच्या फटीत सतरंजी कोंबली आणि दिवे घालवले. कूलरही बंद केला, कारण त्याची दमट हवा रिळाला (फिल्म ज्यावर गुंडाळून टाकीत ठेवतात त्याला) लागली की प्लास्टिकच्या खाचांत फिल्म अडकते. हाताला घाम आला तरी तेच. भाचीनं आधी उजेडात एका फुकट गेलेल्या रोलवर दहा वेळा सराव केला, मगच अंधारात गेली. टाकीचं झाकण एकदा बसलं की दिवा लावता येतो. पुढचं सगळं उजेडात.

पहाटे पाच वाजता आम्ही डेव्हलपर ओतला. पहिली तीस सेकंद टाकी उलटी-सुलटी करायची, नंतर दर मिनिटाला दहा सेकंद. न हलवलं तर फिल्मला चिकटलेला डेव्हलपर दमून जातो आणि ताज्याला जागा मिळत नाही. वेळ संपली की तो ओतून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचं सौम्य पाणी घालायचं. व्हिनेगरमध्ये असतं तेच. अल्कलीचा जोर संपतो आणि डेव्हलपर जागच्या जागी थांबतो. दही लागलं की फ्रिजमध्ये ठेवतो ना, तसं.

## आता तरी उजेडात पाहायचं का?

अजून नाही. प्रकाश न पडलेले स्फटिक फिल्मवर अजून तसेच आहेत, दुधाळ रंगाचे. उजेडात ते हळूहळू काळे पडतील. ते काढायचे, पण पाण्यात ते विरघळत नाहीत. तुपाचं भांडं नुसत्या पाण्यानं निघत नाही, साबण लागतो. इथला साबण म्हणजे हायपो, सोडियम थायोसल्फेट. याच कामाच्या द्रावणाला फिक्सर म्हणतात.

हायपोची गोष्ट मला फार आवडते. हे रसायन चांदीचे क्षार विरघळवतं, हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ साली पाहून लिहून ठेवलं होतं. तेव्हा छायाचित्रण नावाची गोष्टच नव्हती. वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, चित्र उमटवता येतं पण टिकवता येत नाही म्हणून लोक अडून बसले होते, आणि हर्शेल यांच्याकडे उत्तर आधीपासून पडून होतं. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे शब्दही त्यांनीच या कलेला दिले.

फिक्सर किती वेळ? रोलचा कापलेला टोकाचा तुकडा त्यात टाका, तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजा आणि त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवा.

मग खरं धुणं. फिक्सर राहून गेला तर काही वर्षांत निगेटिव्ह पिवळी पडते. पूर्वी नळाखाली अर्धा तास पाणी सोडत. उन्हाळ्यात पाण्याचे हाल असताना ते मनाला पटत नाही, आणि गरजही नाही. इलफर्डनं सांगितलेली पद्धत अशी: टाकी भरा, पाच वेळा उलटी करा, पाणी फेका. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. तीन टाक्या पाण्यात, म्हणजे लिटरभरात काम होतं. फिक्सर फिल्म कडक करणाऱ्या प्रकारचा नसला की झालं.

वाळवताना पंखा किंवा कूलर नको, धूळ बसते. न्हाणीघरात आधी गरम पाण्याची बादली ओतून वाफेनं धूळ खाली बसू द्या, मग रोल दोरीला टांगा.

## सिनेमात दिसतो तो लाल दिवा कुठे गेला?

हा प्रश्न भाचीनं विचारलाच. रोल धुताना लाल दिवा चालत नाही. फिल्मला सगळे रंग दिसतात, लालही. लाल दिवा लागतो तो नंतर, कागदावर फोटो काढताना. छपाईच्या ब्रोमाइड कागदाला लाल रंग दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी ती खोली अंधारीच असते.

छपाई म्हणजे तोच खेळ पुन्हा एकदा. एन्लार्जर नावाच्या यंत्रात वर दिवा, मधे निगेटिव्ह, खाली भिंग आणि त्याखाली कागद. निगेटिव्हच्या काळ्या भागातून प्रकाश अडतो, पारदर्शक भागातून जातो. कागदावर उलट्याचं उलट, म्हणजे सुलट चित्र पडतं. मग डेव्हलपर, अ‍ॅसिड, फिक्सर, पाणी, सगळं त्याच क्रमानं, फक्त उघड्या ट्रेमध्ये.

किती सेकंद प्रकाश द्यायचा? त्यासाठी कागदाची एक पट्टी घेऊन, पुठ्ठ्यानं थोडी थोडी झाकत, ५, १०, १५, २० सेकंद अशा पायऱ्या उमटवायच्या आणि त्यांतली बरी दिसेल ती निवडायची. भाचीच्या एका फोटोत सराफाचा हात तराजूत पैंजण ठेवतोय. १५ सेकंदांना हात सुरेख आला, पण मागचा रस्ता पांढराफटक. मग १५ सेकंदांनंतर तळहातानं हाताच्या भागावर सावली धरून रस्त्याला आणखी आठ सेकंद दिली. तळहात सतत हलता ठेवायचा, नाहीतर त्याची कड उमटते. ट्रेमध्ये कागद टाकल्यावर पंधरा-वीस सेकंद काहीच दिसलं नाही. मग आधी तराजूची साखळी आली, मग बोटं. “आली, आली!” असं ती ओरडली तेव्हा शेजारच्या खोलीतून तिची आई धावत आली आणि दार उघडणार तोच मी कडी धरली.

## कलर रोल घरी होतो का?

होतो, आणि इथे नागपूर जरा नशीबवान आहे. कलर रोलची सी-४१ नावाची प्रक्रिया १९७२ पासून चालत आली आहे. तिचा डेव्हलपर ३७.८ अंशांना चालतो, वेळ ३ मिनिटं १५ सेकंद. मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी जवळजवळ तयारच असतं. मात्र इथे पाव अंशाचाही फरक रंग बिघडवतो, म्हणून कोमट पाण्याच्या मोठ्या बादलीत बाटल्या ठेवून थर्मामीटरवर डोळा ठेवावा लागतो.

कलर फिल्ममध्येही सुरुवात चांदीनंच होते. तीन थरांत चांदी तयार होते आणि होता होता आपल्याभोवती रंग तयार करते. नंतर सगळी चांदी काढून टाकतात. हातात येणाऱ्या कलर निगेटिव्हमध्ये चांदी उरत नाही, फक्त रंग. काळी-पांढरी निगेटिव्ह खऱ्या धातूची असते म्हणून ती जास्त टिकते. रंग विटतात.

## ही रसायनं घरात आणणं बरं का?

काळजी घेतली तर हो. मेटॉलमुळे काहींच्या हाताला खाज सुटते, चट्टे येतात. म्हणून हातमोजे घालायचेच. खिडकी उघडी हवी. मापाचे पेले आणि बाटल्या स्वयंपाकघरात परत जाता कामा नयेत, त्यांच्यावर रंगीत पट्टी चिकटवा. आणि पावडरला घाबरणाऱ्यांसाठी एक खरी गोष्ट: साधी इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी यांच्या मिश्रणातही रोल डेव्हलप होतो. वास भयंकर येतो, चित्र मात्र येतं.

माझी खरी काळजी वापरलेल्या फिक्सरची आहे. रोलमधली विरघळलेली चांदी त्यात उतरलेली असते, एका रोलची ग्रॅमभरही नाही, पण पाण्यातल्या बारीक जीवांना ती मारक असते. अंबाझरीकडून येणाऱ्या ज्या नाग नदीवरून या शहराला नाव मिळालं, तिच्यात आपण आधीच पुष्कळ काही सोडलं आहे. फिक्सर मोरीत ओतू नका. जुन्या बादलीत साठवा, त्यात भांडी घासायचा साध्या लोखंडी तारेचा गोळा टाका (स्टेनलेस स्टीलचा नको) आणि काही दिवस ठेवा. लोखंड पाण्यात उतरतं, चांदी बाहेर पडून करड्या गाळासारखी तळाशी बसते. जुन्या एक्स-रे फिल्म विकत घेणारे लोक तुम्ही पाहिले असतील, ते याच चांदीसाठी घेतात.

## मोबाइल असताना एवढा खटाटोप कशाला?

पैशाचा हिशेब केला तर फिल्म महाग आहे, यात वाद नाही. एकेकाळी ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात ‘इंदू’ नावाचा रोल बनत असे. तो कारखाना बंद पडला आणि आता आपल्या हातात येतो तो रोल परदेशी. घाईच्या कामाला, लग्नाच्या पाच हजार फोटोंना मोबाइल आणि डिजिटल कॅमेराच योग्य, असं मीही सांगतो. पण निगेटिव्ह पाहायला चार्जर लागत नाही, पासवर्ड लागत नाही. खिडकीसमोर धरली की पुरे. आणि स्वतःच्या हातानं एकदा रोल वाढवला की प्रकाश मोजायची सवय लागते. भाचीनं पुढचा रोल भरायला तीन आठवडे घेतले. प्रत्येक फ्रेमचा आकडा वहीत लिहिला.

तिच्या ३६ पैकी ३१ फ्रेम नीट आल्या. आम्ही त्यांच्या सहा-सहाच्या पट्ट्या कापल्या आणि कागदी पाकिटात घातल्या. मी तिला जून लागायच्या आत त्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायला सांगितलं, आणि डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नको असंही. जिलेटिन हे बुरशीचं आवडतं खाणं आहे, आणि आमच्याकडे पाऊस सुरू झाला की भिंती ओल धरतात.